तोफेवर कोरलेले माप

बुऱ्हाणपूरला जाऊन आलो म्हटले की आमच्याकडची माणसे दोनच प्रश्न विचारतात. मुमताजची पहिली कबर पाहिलीत का, आणि मावा जिलेबी खाल्लीत का? दोन्ही झाले. १६३१ साली मुमताज ह्या गावात वारली आणि ताजमहालात नेण्याआधी तिला तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात ठेवले होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते एका पितळी मापाबद्दल. हाताच्या मुठीत मावेल एवढे माप. ते मला शनवाऱ्यातल्या एका घरात माळ्यावरच्या पेटीत भेटले.

गोवा एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून बुऱ्हाणपूर, असा प्रवास केला. शनवारा म्हणजे जुन्या तटातला एक दरवाजा आणि त्याच्या आजूबाजूची वस्ती. हा विटांचा तट १७३१ साली निजामुल्मुल्काच्या वेळी उभा राहिला. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १६८१ च्या सुरुवातीला, संभाजीराजांच्या फौजेने बहादूरपुरा आणि भोवतालचे पुरे लुटले होते, तेव्हा तटाची गरज कुणाला समजावून सांगावी लागली नसेल! दरवाजांची नावे मोठी बोलकी आहेत. शनवारा, इतवारा हे वारांवरून. लोहारमंडी आणि शिकारपुरा ही दुसरी दोन. आपल्या आजच्या गोष्टीत लोहारही आहे आणि शिकारीही.

ज्यांच्याकडे उतरलो ते निवृत्त शिक्षक. मी त्यांना मास्तर म्हणतो. घरात मराठी. १७७८ पासून हे गाव शिंद्यांकडे होते, त्या काळात ह्यांचे कुणी पूर्वज दफ्तरात कारकून म्हणून आले आणि राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे झाल्यावर मास्तर म्हणाले, "भाऊ, तुम्हाला जुन्या वस्तूंचा नाद आहे म्हणून विचारतो. माळ्यावर आजोबांची एक पेटी आहे. भंगारवाला पितळेच्या वजनाने घेतो म्हणाला. बघून सांगता का, काय करू?"

पेटी खाली आली. आत दारू किंवा केप काही शिल्लक नाही ना, हे आधी पाहून घेतले (असली पेटी कुणाच्या घरी निघाली तर आधी हेच पाहावे, आणि काही निघालेच तर हात न लावता पोलिसांना कळवावे). काही नव्हते. होती ती बंदुकीची काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याची हत्यारे. वापरलेला केप ठोकून काढायचा खिळा, त्याखाली धरायची पितळी बैठक, लाकडी दट्ट्या, आणि टेबलाच्या कडेला मळसूत्राने आवळून बसवायचे एक हाताने फिरवायचे यंत्र. मास्तरांच्या सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं शेवयांचं यंत्र आहे. एकदा घासूनपुसून ठेवलंसुद्धा होतं!" खरेच, अगदी तसेच दिसते. कागदी काडतूस भरून झाले की त्याची मोकळी कड आत वळवून बंद करावी लागते, त्यासाठी ते. मुठीचे मूळ लाकूड कधीतरी फुटले असणार. तिथे हातमागाची एक गुळगुळीत कांडी ठोकून बसवली होती. बुऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव. जे हाताशी असेल त्यानेच माणूस डागडुजी करतो.

इथे थोडे मागे जायला हवे.

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'कार्तुशो'वरून आला. 'पिस्तूल'ही त्यांचेच. तोफ तुर्कांची. 'दारू' तर फारसीत औषध! औषध, मद्य आणि स्फोटक ह्या तिन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या लोकांना विनोदबुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? पण काडतूस ह्या शब्दाचा अर्थ मुळात 'कागदाची गुंडाळी' एवढाच आहे, आणि त्या गुंडाळीत मुख्य गोष्ट असते ती माप. एका बाराची दारू आधीच मोजून कागदात बांधून ठेवली, की ऐन गर्दीत शिपायाला मोजत बसावे लागत नाही. तोसदानात हात घातला, कागद दातांनी फाडला, दारू नळीत ओतली. १८५७ मध्ये त्या कागदाच्या वंगणावरून काय झाले ते शाळेत सगळेच शिकलो. त्यातली एक साधी गोष्ट मात्र लक्षात राहत नाही. मोजण्याचे काम त्या कागदामुळे शिपायाच्या हातून कारखान्याच्या हाती गेले होते.

त्याआधी मोजणे हे ज्याचे त्याचे काम होते. तोड्याच्या बंदुकीबरोबर किती सरंजाम असे पाहा. बारदारूचे शिंग, कान्यावर टाकायच्या बारीक रंजकाची वेगळी दाणी, गज, काना मोकळा करायची सळई, गोळ्या ओतायचा पकडीसारखा साचा, पेटती जामगी. ह्यातले एक बिघडले की बंदूक म्हणजे काठी. आपल्या इतिहासात बंदुकांची आणि तोफांची नावे आहेत, ह्या बारीकसारीक वस्तूंची नाहीत. त्यांची काळजी वाहणारी माणसे मात्र होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, गडाच्या दारूखान्याबद्दल बजावले आहे की तो राहत्या घरांपासून दूर असावा आणि आठपंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावे. राजनीतीच्या ग्रंथात हे वाचले की बरे वाटते. लिहिणाऱ्याने पावसाळा पाहिलेला आहे!

आमच्या गोव्याचा ह्या कारागिरीशी संबंध फार जुना. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कला इथे आदिलशाहीतले बंदुका घडवणारे कारागीर सापडले. १५१३ मध्ये त्याने आपल्या राजाला लिहिले की हे लोक बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. बोहेमिया म्हणजे त्या काळचे युरोपातले नावाजलेले ठिकाण. जुन्या गोव्याहून पणजीकडे येताना पणेलीला पोर्तुगीजांचा दारूचा कारखानाही होता, 'काझा द पोल्व्हरा' म्हणून. म्हणजे माल तयार करणारे आम्ही, आणि गिऱ्हाईक...

गिऱ्हाईक थेट बुऱ्हाणपुरात बसले होते. १६०० मध्ये अकबर अशीरगडाच्या वेढ्यासाठी इथे आला. गड काही केल्या पडेना. त्याच्याबरोबर जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. जेझुइटांनी लिहून ठेवले आहे की बादशहाने त्याला पोर्तुगीजांकडून तोफा आणि दारूगोळा मागवून घ्यायला सांगितले. पाद्रीबाबांनी साफ नाही म्हटले आणि बादशहा भडकला. गड जानेवारी १६०१ मध्ये हाती आला. कसा आला ह्यावर इतिहासकारांत अजून वाद आहेत. त्याच वर्षी अकबराचा वकील गोव्याला निघाला आणि त्याच्यासोबत बेंतु द गोईश हा दुसरा जेझुइट होता. माझ्या गोवा एक्स्प्रेसच्या चारशे वर्षे आधी त्या दोघांनी ही वाट उलट्या दिशेने तुडवली होती, ह्या विचाराने मला उगीचच आनंद झाला.

ह्याच वेढ्याच्या कामात अबुल फजल होता. त्याची 'आईने अकबरी' महसुलासाठी उद्धृत करतात, पण तीत बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण आहे. बादशहाने एक चाक तयार केले, ते गाय फिरवते आणि एकाच वेळी सोळा नळ्या साफ होतात, असे तो सांगतो. शोधाचे श्रेय अकबराला. दरबारी लेखक दुसऱ्या कुणाला देणार? पण कल्पना कुणाचीही असो, मुद्दा खरा आहे. काळ्या दारूचा बार काढला की नळीत राख आणि मळी राहते. ती हवेतले पाणी ओढून घेते आणि नळी खाऊ लागते. बार काढणे क्षणाचे काम, साफसफाई त्यापुढे कितीतरी वेळाची. साम्राज्याच्या बंदुका झाल्या की त्यासाठी गाय जुंपावी लागते.

आता त्या मोठ्या तोफेकडे येतो. अशीरगडावर 'मुल्क हैबत' नावाची तोफ होती, ती पुढे इंग्रजांनी नागपूरला नेली. ती ह्याच बुऱ्हाणपुरात १६६३ मध्ये ओतली, औरंगजेबाच्या कारकिर्दीत. ओतणाऱ्याचे नाव महंमद हुसेन अरब. तिच्या अंगावर फारसी लेख आहेत, त्यांत नेहमीची आग ओकणारी कविता आहेच. पण एक ओळ निव्वळ कामाची. गोळा पस्तीस शेर, दारू बारा शेर, शहाजहानी वजन.

मला ह्या ओळीने धरून ठेवले. औरंगजेब गादीवर बसून पाच वर्षे झाली होती, तरी वजन शहाजहानी. ते का सांगावे लागले? कारण शेर म्हणजे शेर नव्हे. अकबरी शेर तीस दामांचा, जहांगिरी छत्तीसचा, शहाजहानी चाळीसचा. एखाद्या जुन्या वळणाच्या गोलंदाजाने अकबरी बारा शेर तोलले असते तर दारू पाऊणपटच पडली असती आणि गोळा वाटेतच बसला असता. उलट, अकबरी शेरात सांगितलेला आकडा कुणी शहाजहानी वजनाने तोलला तर दारू एकतृतीयांशाने जास्त, आणि मग तोफ कुणावर फुटेल ते सांगता येत नाही. गोलंदाज बदलतो, बादशहा बदलतो, कागद वाळवी खाते. महंमद हुसेन अरबाने ते जाणून माप तोफेच्याच अंगावर कोरून टाकले.

हे मला इतके लागायचे कारण घरचे आहे.

आमच्या सत्तरीतल्या घरी आजोबांची केपाची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे कुळागरात शिरत, त्यासाठी. पावसाळ्यात ती चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगलेली असे. बार काढला की त्याच रात्री उकळते पाणी ओतून नळी धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून कोरडी करायची आणि खोबरेल लावायचे. दारूचे माप म्हणजे वेळूचे एक पेर. एका उन्हाळ्यात त्याला भुंगा लागला आणि ते चिरले. आजोबा घरी नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाने अंदाजाने दुसरे पेर कापले, दिसायला तसेच, जरासे रुंद आणि बोटाच्या पेरभर लांब. नळीची रुंदी एक दशांशाने वाढली की आत मावते ते एक पंचमांशाने वाढते, हा हिशेब मी पुढे शाळेत शिकलो. धाकट्या आजोबांना तो कुणी शिकवला नव्हता. नळी कान्याजवळ आतून गंजाने खाल्लेली होती, तेही खरे. ती तिथेच फुटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली. ही पोर्तुगीज अमदानीतली, १९५० नंतरची गोष्ट. मी त्यांना पाहिले ते तीनच बोटांनी नारळ धरून सोलताना.

त्यानंतर आजोबांनी नळी बदलून आणली, कासाराकडून पितळेचे माप करून घेतले आणि ते सुतळीने दस्त्याला बांधले. मापाशिवाय बंदूक हातात घेताच येऊ नये म्हणून. "पयलीं माप, मागीर बंदूक", असे ते म्हणत. अशीरगडचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही.

तर मास्तरांच्या पेटीत जे माप होते ते विलायती धाटणीचे. पितळी नळी, आत सरकणारा तळ आणि दांड्यावर खुणा. दांडा मागेपुढे केला की आत किती मावेल ते कमीजास्त होते. एका बाजूला दारूसाठी ड्रॅमच्या खुणा, दुसऱ्या बाजूला छऱ्यांसाठी औंसाच्या. मधोमध कप्पी केपाची काडतुसे विलायतेत १८६० नंतर रुळली. १८६६ मध्ये बॉक्सर नावाच्या इंग्रजाने आणि बर्डन नावाच्या अमेरिकनाने केप बसवायच्या दोन पद्धती काढल्या. (गंमत अशी की बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली, बर्डनची युरोपात.) बॉक्सरच्या रचनेत वापरलेला केप खिळ्याने सहज बाहेर पडतो, म्हणून काडतूस पुन्हा पुन्हा भरता येते. खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना १८६९ पासून होता, पण तो फौजेचा. शिकाऱ्याला बाजारातली विलायती काडतुसे महाग पडत. त्यामुळे संस्थानांतून, जंगलखात्याच्या साहेबांकडे, ठेकेदारांकडे ही पेटी दिसू लागली. मास्तरांचे आजोबा सातपुड्यातल्या लाकडाचे ठेकेदार होते, रीतसर परवाना असलेले.

मी ते माप उजेडात धरले तेव्हा दिसले की दांडा सरकतच नाही. मळसूत्राचे आटे झिजून गुळगुळीत झालेले. बार भरताना तळ खाली घसरत असणार आणि दारू दर वेळी थोडी जास्त पडत असणार. हा दोष फार वाईट, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आजोबांनी तळ एका जागी झाळून पक्का केला होता. पण झाळताना थोडे कथील आत उतरते आणि तेवढी जागा कमी होते. दुरुस्तीने वस्तू बदलते, मापाची दुरुस्ती तर सगळ्यांत जास्त. म्हणून त्यांनी छापील खुणा कानशीने घासून टाकल्या होत्या आणि आतल्या बाजूला स्वतःची एक रेघ ओढली होती.

"मास्तर, पेटीच्या झाकणावर काही लिहिलंय का?" मी विचारले. धूळ पुसली. आतल्या बाजूला शाईने दोनच शब्द होते, 'फक्त काळी'.

मास्तरांना त्याचा अर्थ लागला नव्हता. त्यांना कुत्र्याचे नाव वाटत होते! १८८४ मध्ये फ्रान्सात विएय ह्या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू काढली. पाठोपाठ नोबेलची आली. तिचा जोर काळ्या दारूच्या कितीतरी पट. शिकाऱ्यांची अडचण नको म्हणून काही कारखान्यांनी अशी हलकी दारू केली की ती जुन्याच मापाने घातली तरी चालावी. पण काहींची दारू घट्ट होती, ती तराजूनेच तोलायची. डबे शेजारी शेजारी, माप एकच. त्या काळी विलायतेतसुद्धा पुष्कळ चांगल्या बंदुका आणि पुष्कळ चांगले हात ह्या घोटाळ्यात गेले. शनवाऱ्यातल्या ठेकेदाराला हे कुणी सांगितले असेल? सांगितले असो किंवा स्वतः शिकला असो, त्याने झाकणावर लिहून ठेवले. पेटी उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच येईल असे.

दारू क्षमा करत नाही हे ह्या परिसराने मोठ्या प्रमाणावरही पाहिले आहे. १८१९ च्या वेढ्यात इंग्रज अशीरगडावर तोफा डागत होते आणि किल्लेदार जसवंतराव लाड झुंजत होता. तेव्हा इंग्रजांच्याच मोर्चातला दारूचा साठा पेटला आणि सुमारे शंभर शिपाई मेले किंवा जखमी झाले. गड ९ एप्रिलला त्यांच्या हाती गेला.

पेटी माळ्यावर गेली ती १९७२ नंतर. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. काडतूस भरणे किंवा हत्यार दुरुस्त करणे ह्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो, त्यामुळे आज ही पेटी फक्त पाहायची वस्तू. गंमत म्हणजे भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. तिथे माप माणसाच्या हातात नाही, यंत्रांत आहे.

"मग काय करू?" मास्तरांनी पुन्हा विचारले. मी म्हटले, यंत्र वगैरे द्यायचे तर द्या, झाकण आणि माप ठेवा. ते काही बोलले नाहीत. महिन्याभराने फोन आला. शेवयांचे यंत्र भंगारात गेले, मुठीची कांडी मात्र सौभाग्यवतींनी काढून घेतली. झाकण आणि माप कपाटात आहेत. नातवाला रेघ दाखवली, असेही म्हणाले.

आमची बंदूक आता घरी नाही. आजोबा गेल्यावर परवाना कुणाच्या नावावर करायचा हे ठरेना, शेवटी ती जमा करायचे ठरले. शिपायाने यादी लिहिली. बंदूक एक, गज एक. सुतळीला लोंबणाऱ्या पितळी भांड्याकडे पाहून त्याने विचारले, हे काय? काकाने सांगितले. यादीत त्याच्यासाठी रकाना नव्हता. त्याने खिशातला चाकू काढून सुतळी कापली आणि माप काकूच्या हातात दिले. मुल्क हैबत नागपूरला गेली तेव्हा तिचे माप तिच्याबरोबर गेले. हे इथेच राहिले. लिहिताना माझ्या मेजावर आहे, त्याच्या कडीत कापलेल्या सुतळीचे टोक अजून अडकलेले आहे.